चपला-बूट घेताना ऋतू पाहावा, पायही पाहावा

तासगाव भागातील एक द्राक्षबागायतदार काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या दवाखान्यात आले. वय साठीच्या आतले, मधुमेह अकरा वर्षांचा, गोळ्या चालू होत्या पण आठवण झाली तर. मे महिन्यात थोरल्या मुलीचे लग्न पार पडले होते. लग्नासाठी शिवलेल्या कोटाला शोभेल म्हणून त्यांनी टोकदार, चकचकीत काळा बूट घेतला. दुकानात तो जरा घट्ट वाटला, तेव्हा "घालून घालून सैल होतो," असे त्यांना सांगण्यात आले. लग्नाच्या दिवशी पहाटेपासून रात्रीपर्यंत बूट पायात होता. रात्री मोजा काढायला गेले, तर तो करंगळीला चिकटलेला आणि रक्ताने कडक झालेला. दिवसभरात एकदाही दुखले नव्हते. मग हळद दाबली, जुन्या चपला अडकवून बागेत हिंडणे सुरूच ठेवले, वळिवाच्या ओलीत काम केले. माझ्याकडे येईपर्यंत करंगळी आणि शेजारचे बोट काळे पडले होते. दोन्ही बोटे काढावी लागली. पाऊल वाचले, कारण त्यांच्या पत्नीने आणखी आठवडाभर थांबू दिले नाही.

मी विचारले, "अहो, इतका घट्ट बूट दिवसभर घातलात तरी कसा?" ते म्हणाले, "डॉक्टर, दुखलं असतं तर काढला नसता का?"

वाचकहो, आजच्या लेखाचा निम्मा विषय या प्रश्नात आला. दुखणे हा पायाचा राखणदार आहे. बूट चावला की आपण नकळत चाल बदलतो, थांबतो, बूट काढतो. वर्षानुवर्षे रक्तातील साखर वाढलेली राहिली की तळव्याच्या बारीक नसा निकामी होऊ लागतात आणि हा राखणदार झोपी जातो. कुष्ठरोगातही नसा बधिर होऊन हेच घडते. कुष्ठरोग्याचे मांस आपोआप सडते, अशी पूर्वी समजूत होती. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली रुजू झालेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की बधिर पावलावर त्याच त्या जागी दाब आणि घासणे होत राहिल्याने या जखमा होतात. त्यातूनच मऊ तळाच्या पादत्राणांकडे लक्ष वळले. मायक्रोसेल्युलर रबर, म्हणजे दुकानदार ज्याला एमसीआर म्हणतात, त्या रबराच्या तळाच्या चपला पुढे मधुमेही रुग्णांनाही उपयोगी ठरल्या.

आपल्या पायाची जाणीव शाबूत आहे का, याचा अंदाज घरीही घेता येतो. ज्याची तपासणी करायची त्याने डोळे मिटून पडावे. दुसऱ्याने बोटाच्या टोकाने त्याच्या दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांना एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करावा. दाबू नये, टोचू नये. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर बूट खरेदीला जाण्याआधी डॉक्टरांकडे जावे.

आता खरेदीविषयी. आपल्याकडे साडीचा पोत दहा वेळा चाचपून पाहतात, बूट मात्र एक पाय घालून "बसतो की!" म्हणून बांधून घेतात. पाऊल दिवसभरात थोडे सुजते, म्हणून खरेदी संध्याकाळी करावी. दोन्ही पावले सहसा एकसारखी नसतात. दोन्ही पायांत बूट घालून, उभे राहून आणि दुकानात चार फेऱ्या मारून पाहावे, मोठ्या पावलाला बसेल तो घ्यावा. सर्वांत लांब बोट (काहींचे अंगठ्याशेजारचे असते) आणि बुटाचे टोक यांच्यात अंगठ्याच्या रुंदीइतकी मोकळी जागा हवी. शंका असेल तर घरून निघताना कोऱ्या कागदावर उभे राहून पावलाभोवती पेन्सिल फिरवावी, तो आकार कापून खिशात ठेवावा आणि दुकानात बुटाच्या तळाशी सरकवून पाहावा. कागद कडेला दुमडला, तर पाऊलही तिथे दुमडणार. जाणीव कमी झालेल्यांनी "घट्ट वाटत नाही ना?" या प्रश्नाला उत्तरच देऊ नये, कारण त्यांना ते कळणार नसते. त्यांनी कागदावर विश्वास ठेवावा.

'घालून सैल होतो' यातही फारसा अर्थ नाही. चामडे थोडेफार रुंदीला सैलावते, लांबीला वाढत नाही. रेक्झिन तर तेवढेही नाही.

नंबराचीही एक गंमत आहे. आपण वापरतो तो ब्रिटिश नंबर. त्यात सात आणि आठ यांत फरक पडतो तो लांबीचा, इंचाचा एक तृतीयांश म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर. आपल्याकडील अनेकांची पावले चवड्याशी रुंद असतात. मग रुंदी मिळावी म्हणून माणूस एक नंबर मोठा घेतो. पाऊल आत पुढेमागे सरकते, टाचेला फोड येतात आणि नाडी आवळून आवळून वरचा भाग दुखतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशात ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांची पावले मोजली. भारतीय पाऊल युरोपीय व अमेरिकी पावलांपेक्षा रुंद असल्याचे त्यात आढळले. त्यावरून 'भा' नावाची आठ मापांची भारतीय पद्धत सुचवण्यात आली. तोवर चवड्याशी रुंद आणि टोकाला गोल असा बूट शोधणे आपल्या हाती आहे.

मोबाइलवरून घरपोच मागवलेला बूट संध्याकाळी स्वच्छ चादरीवर घालून पाहावा, म्हणजे परत करता येतो. नवा जोड कोणताही असो, पहिल्या दिवशी अर्धा-एक तास घरातच वापरावा. काढल्यावर कातडीवर लाल वळ दिसले आणि अर्ध्या तासाने तसेच राहिले, तर तो जोड त्या पायाचा नव्हे, कितीही महागाचा असो.

ऋतूंकडे वळू. उन्हाळ्यात हवा ४० अंशांवर असते तेव्हा डांबरी रस्ता ६० अंशांच्या पुढे तापतो. देवळाची फरसबंदीही तशीच. दुपारी अनवाणी प्रदक्षिणा घालून तळव्यावर टम्म फोड घेऊन आलेले मधुमेही दर उन्हाळ्यात दिसतात. चटका बसल्याचे त्यांना कळलेलेच नसते. दर्शन सकाळी किंवा सूर्यास्तानंतर घ्यावे. जाड सुती मोजे घालून जावे, देव रागावत नाही.

उन्हाळ्यात कोल्हापुरी चपलेला तोड नाही, असे माझे मत आहे. सपाट तळ, बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेले चामडे, हवा खेळती. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात आपला सांगली जिल्हाही आहे. पण नवी कोल्हापुरी चावते हे सर्वांना ठाऊक आहे. तेल लावून, रोज थोडा वेळ वापरून ती नरम करावी लागते. ज्यांच्या पायाची जाणीव गेली आहे त्यांनी मात्र अंगठ्याची कोणतीही चपल वापरू नये. अंगठ्याच्या बेचक्यात घासते आणि मागे पट्टा नसल्याने पायातून निसटून गेलेली त्यांना कळतही नाही. चपल मागे राहते आणि माणूस पुढे चालत राहतो, असे रुग्ण मी पाहिले आहेत.

रबरी हवाई चपलेने काहींच्या पावलावर पट्ट्याच्याच आकाराचे पांढरे डाग उठतात. ते बहुधा रबरातील रसायनाचे असतात. 'कोड आले' म्हणून घाबरून न जाता आधी ती चपल बंद करावी आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

पावसाळा हा पायांचा खरा वैरी. शिराळ्याकडे भातात, वारणा-कृष्णेकाठी उसात आपले शेतकरी बंधू-भगिनी तासन्‌तास पाण्यात असतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून सोलते, खाजते. ही बहुधा बुरशी असते. त्यावर उपाय म्हणजे धुणे आणि विशेषतः पुसणे. घरी आल्यावर पाय साबणाने धुऊन प्रत्येक बेचके कोरड्या सुती कापडाने टिपावे. दुकानातून स्वतःच आणलेली 'तीन औषधांची एकत्र' मलमे लावू नयेत. त्यांत बऱ्याचदा स्टिरॉइड असते. दोन दिवस खाज थांबते आणि नायटा चिवट होऊन अंगभर पसरतो. गेल्या दशकात असे चिवट नायटे आपल्याकडे फार वाढले आहेत. ओली जीन्स आणि भिजलेले नायलॉनचे मोजे तासन्‌तास अंगावर ठेवणे हेही त्यांना आमंत्रणच. पावसाळ्यात घोट्याच्या वर राहणारा, लवकर वाळणारा सैल कपडा घालावा. तो दिसतोही बरा, कारण चिखलाच्या शिंतोड्यांची नक्षी त्यावर कमी उमटते.

साचलेल्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात आणि पायावरील खरचटलेल्या, भिजून मऊ पडलेल्या कातडीतून शरीरात शिरतात. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आपण पाहिले आहेत. पाण्यात उतरणे टळत नसेल तर गमबूट घालावा आणि प्रतिबंधक गोळीबाबत आरोग्य केंद्रात विचारावे. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाल्यास अंगावर काढू नये. साप बहुतेक वेळा पावलाला किंवा नडगीखालीच चावतो, म्हणून गमबुटाचा तोही लाभ आहे. गमबुटात घाम येतो, काम करताना जड वाटते, हे मान्य. आत सुती मोजे घालावेत आणि संध्याकाळी बूट उपडा करून ठेवावा. सकाळी घालण्यापूर्वी झटकावा, आत विंचू असू शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिल्याने अनेकांचे प्राण वाचले आहेत, पण झटकण्याला पैसे पडत नाहीत.

चामड्याचे बूट पावसाळ्यात माळ्यावर ठेवावेत आणि मागे पट्टा असलेले, तळाला खाचा असलेले सँडल वापरावेत. गुळगुळीत झालेला तळ शेवाळावर घसरतो आणि म्हाताऱ्या माणसाच्या खुब्याचे हाड मोडते. भिजलेला बूट चुलीजवळ वाळवू नये. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वाऱ्यावर ठेवावा. हाच अंक चालेल, वाचून झाल्यावर.

जूनमध्ये मुलांना शाळेचे बूट 'वाढत्या मापाचे' घेण्याची रीत आहे. अंगठ्याएवढी जागा ठीक, त्याहून मोठा बूट म्हणजे मूल पाय फरफटत चालणार. लहान मुलांचे माप दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे. पोराने बूट घालण्याचा कंटाळा केला तर आधी त्याची बोटे तपासावीत, मग रागवावे.

हिवाळ्याबद्दल थोडेच सांगायचे. हवा कोरडी, टाचांना भेगा. कोमट पाण्यात दहा मिनिटे पाय बुडवून, पुसून, कोकमाचे तेल किंवा पेट्रोलियम जेली लावावी आणि सुती मोजे घालून झोपावे. बेचक्यांत लावू नये. मधुमेह्यांनी पाणी पायाने नव्हे, कोपराने तपासावे, किंवा घरातल्या दुसऱ्याला तपासू द्यावे. भेगा ब्लेडने खरवडू नयेत, कुरूपही घरी कापू नये, आणि मधुमेह असेल तर कुरूपावरची औषधी पट्टी लावू नये. ती भोवतालची चांगली कातडीही जाळते.

नटण्यामुरडण्याला माझा विरोध नाही. उंच टाचेने अंगाचा भार चवड्यावर येतो, टोकदार बुटात अंगठा हळूहळू आतल्या बाजूला वाकतो, हे खरे. पण रिसेप्शनचे दोन तास उंच टाच घातल्याने कोणी लंगडे होत नाही. पिशवीत सपाट चपलांचा जोड ठेवावा आणि फोटो झाले की बदलावा. रोज आठ तास काउंटरमागे उभ्या राहणाऱ्या मुलींना दुकानाचा मालक उंच टाच घालायला लावत असेल, तर ते मात्र चूक आहे.

आमचे ते बागायतदार आता एमसीआरच्या तळाचे, पुढून बंद आणि मागे पट्टा असलेले सँडल वापरतात. रोज रात्री त्यांच्या पत्नी आरसा धरून तळवे पाहतात. यंदा धाकटीचे लग्न आहे. मी सहज विचारले, "मग लग्नात काय घालणार?" पाय पुढे करून म्हणाले, "हेच की. काळं पॉलिश मारून घेतलंय, डॉक्टर. लांबून बूटच वाटतोय."