दोन गाभे आणि घड्याळाचे ठोके

संगणक घेताना आपण प्रथम गिगाहर्ट्‌झचा आकडा विचारतो, आणि पैसेही त्यावरच मोजतो. हा आकडा किती फसवा असतो, हे २००५-०६ सालच्या दोन गाभ्यांच्या, म्हणजेच ड्युअल-कोअर प्रोसेसरांवरून चांगले कळते.

मे २००५ मध्ये इंटेलचा पेंटियम डी आला. एका वाड्यात दोन बिऱ्हाडे, पण परस्परांशी बोलायचे तर रस्त्यावर यायचे, अशी त्याची तऱ्हा! गाभ्यांचा संवाद आणि स्मृतीकडची ये-जा, दोन्ही बाहेरच्या एकाच वाटेने. त्याच महिन्यात आलेल्या एएमडीच्या अ‍ॅथलॉन ६४ एक्स२ मध्ये हा संवाद चिपच्या आतच होई; त्यामुळे ठोके कमी असूनही तो बहुतेक कामांत सरस ठरला.

जुलै २००६ मध्ये इंटेलने कोअर २ ड्युओ आणला. त्यातील ई६६०० चे ठोके २.४ गिगाहर्ट्‌झ, तर पेंटियम डी ८४० चे ३.२, तरीही वेगवान पहिलाच. प्रत्येक ठोक्यात तो अधिक काम उरकी, शिवाय ४ मेगाबाइटची कॅशे दोन्ही गाभ्यांत सामाईक. उष्णतेची मर्यादाही १३० वॅटवरून ६५ वर आली.

मात्र दोन गाभे म्हणजे दुप्पट वेग नव्हे. कामाचा निम्माच भाग वाटून देता आला, तर वेग फक्त एक-तृतीयांशाने वाढतो. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ सालीच मांडलेल्या विचारातून हे गणित निघते.