उभ्या गाडीचा क्लच : आधी तपासणी, मग पाना

परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड या भागात आजही एखाद्या वाड्यात जुनी अ‍ॅम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी उभी असते. लग्नसराई आली, फेब्रुवारीतला परभणीचा उरूस जवळ आला की मालकाला तिची आठवण होते. नवी बॅटरी लावून इंजिन सुरू होते. पण क्लच दाबूनही गिअर पडत नाही, नुसती खरखर होते. गाडी ढकलत गॅरेजवर येते आणि मिस्त्री म्हणतो, "गिअरबॉक्स उतरवावा लागेल." हे नेहमीच खरे नसते. कारागीर बंधूंनी पाना हातात घेण्यापूर्वी पुढील क्रमाने तपासणी करावी.

१) पेडल पाहा. काही गाड्यांत क्लच दांडीने किंवा केबलने चालतो, काहींत तेलाच्या दाबाने. पेडल जड असेल किंवा परत येत नसेल तर केबल अथवा सांधे गंजलेले असतात. पेडल सैल पडून तळाला जात असेल तर डबीतले ब्रेक ऑइल उतरलेले असते, सिलिंडरचे रबर सुकलेले असते किंवा आत हवा शिरलेली असते. हे सर्व दोष बाहेरचे आहेत. डबीत इंजिन ऑइल कधीही टाकू नये, रबर फुगते.

२) एकाला पेडल दाबायला सांगून खालून फोर्क पाहा. फोर्क पुरेसा हलत नसेल तर दोष बहुधा बाहेरचाच असतो. पूर्ण हलूनही क्लच सुटत नसेल तर प्लेट फ्लायव्हीलला चिकटली असण्याची शक्यता मोठी. आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्याची ओल बराच काळ टिकते. त्या ओलीने फ्लायव्हीलला गंज चढतो आणि दाबून बसलेली प्लेट त्यात धरली जाते.

३) प्लेट सोडवण्याआधी पायाचा व हाताचा ब्रेक तपासा, उभ्या गाडीत तेही अडकतात. मग उघड्या जागी इंजिन गरम करून बंद करा आणि लाकडी दांडा सीटला टेकवून पेडल रात्रभर दाबून ठेवा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. न झाल्यास मोकळ्या मैदानात, पुढे-मागे कोणी नसताना, टॉप गिअर टाकून, क्लच व ब्रेक दोन्ही घट्ट दाबून स्टार्टर क्षणभर मारा. दोन-तीन प्रयत्नांत सुटली नाही तर थांबा, नाहीतर स्टार्टर जाईल. आता गिअरबॉक्स उतरवण्याचा सल्ला रास्त आहे.

४) रॉकेल किंवा डिझेल आत मारू नका. लायनिंग तेल पिते आणि मग क्लच घसरतो. गिअरबॉक्स उतरवल्यावर फ्लायव्हीलचा गंज पॉलिश पेपरने काढा. लायनिंग रिबेटपर्यंत झिजले असेल तरच प्लेट बदला. ते तेलाने भिजले असेल तर आधी ऑइल सील पाहा. जुन्या लायनिंगमध्ये फुप्फुसाला घातक अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा.

अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, पद्मिनीचे त्याच्या कितीतरी आधी. सामान शोधावे लागते. चांगली प्लेट काढून फेकणे हे ग्राहकाचे नुकसान आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकदा बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग लोकांना दिसेल असे ते वर का ठेवले नाही, असे आपण (स.) त्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले. गाडीच्या पोटातला दोष ग्राहकाला दिसत नाही, तो फक्त मिस्त्रीला दिसतो. म्हणून काढलेला भाग त्याच्यासमोर ठेवावा आणि काम किरकोळ असेल तर किरकोळच सांगावे.

जाताना त्याला एवढे जरूर सांगा : गाडी पक्क्या फरशीवर ठेवा, पंधरा दिवसांतून एकदा सुरू करून दहा-पंधरा वेळा क्लच दाबा आणि थोडी फिरवून आणा. या सल्ल्याने पुढच्या वर्षीचे एक काम कमी होईल. पण तो ग्राहक दुसरे गॅरेज शोधणार नाही. हलाल रोजीत बरकत असते ती अशी.