गोड वासाचा संकरित गांजा: नाव नको, मात्रा पाहा

कॅलिफोर्नियात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या तरुणांचे आई-वडील अलीकडे एक प्रश्न विचारतात. मुलं त्यांना सांगतात, ‘इथे गांजा दुकानात कायदेशीर मिळतो. त्यातला ब्लू ड्रीम तर अगदी सौम्य, फळासारखा वास येतो.’ हे कितपत खरं? उत्तर मुलांनीही वाचावं, म्हणून सविस्तर लिहितो.

हा वाण कुठला?

ब्लू ड्रीम हा कॅलिफोर्नियात नावारूपाला आलेला संकर. ब्लूबेरी आणि हेझ या दोन वाणांपासून तो झाला असं मानतात. ब्लूबेरी ‘इंडिका’ गटातला, हेझ ‘सटायव्हा’ गटातला. म्हणून ‘अंग सैल होतं, डोकं तरतरीत राहतं’ अशी त्याची जाहिरात होते. पण ही विभागणी जनुकीय तपासणीत फारशी टिकत नाही. 2015 साली कॅनडातल्या संशोधकांनी गांजाचे नमुने तपासले. सटायव्हा-इंडिका ही लेबलं झाडांच्या वंशाशी जेमतेम जुळली आणि एकाच नावाचे नमुनेही पुष्कळदा वेगवेगळे निघाले. वाण शुद्ध राखायचा तर मूळ झाडाचीच फांदी लावावी लागते. बियांपासून झाड वाढवलं, तर आंब्याच्या कोयीप्रमाणेच ते आईवर जाईल याची खात्री नसते. त्यामुळे पाकिटावरच्या नावावरून परिणामाचा अंदाज बांधू नका.

वास आणि ताकद

गांजाच्या फुलांवर राळेच्या सूक्ष्म ग्रंथी असतात. वास देणारी टर्पीन द्रव्यं आणि नशा आणणारं टीएचसी, दोन्ही तिथेच तयार होतात. ब्लू ड्रीममध्ये बहुधा मिरसीन जास्त असतं. ते आंब्यातही सापडतं. सोबत पाइनच्या झाडातलं पायनीन आणि काळ्या मिरीतलं, लवंगेतलं कॅरियोफायलीन असतं. वास गोड म्हणून नशा हलकी, असा मात्र काहीही संबंध नाही. 

नशेची ताकद ठरते टीएचसीवर. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात 1995 साली ते सरासरी 4 टक्के होतं, 2014 साली सुमारे 12 टक्के. आज ब्लू ड्रीमच्या पाकिटांवर 20 टक्क्यांच्या आसपासचे आकडे दिसतात. याला सौम्य म्हणता येणार नाही.

शरीरात काय होतं?

धूर ओढल्यावर काही मिनिटांतच नाडी वेगाने चालते, तोंड कोरडं पडतं, डोळे लाल होतात, भूक लागते. वेळेचं भान सुटतं, आत्ताच ऐकलेलं आठवत नाही. कुणाला हलकं वाटतं, तर कुणाला भीतीने घाम फुटतो. गांजाची गोळी, चॉकलेट किंवा केक खाल्ला तर परिणाम जाणवायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात. ‘काहीच होत नाही’ म्हणून माणूस आणखी खातो आणि मात्रा अंगावर येते.

सर्वांत गंभीर धोका मनाचा. 2019 साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’त प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, 10 टक्के किंवा अधिक टीएचसीचा गांजा रोज घेणाऱ्यांमध्ये सायकोसिसचं, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याच्या आजाराचं प्रमाण कधीच न घेणाऱ्यांच्या जवळपास पाचपट आढळलं. अनेक वर्षं नियमित घेणाऱ्या काहींना वारंवार उलट्या होतात आणि गरम पाण्याने अंघोळ केल्यावरच तात्पुरतं बरं वाटतं. असं होत असेल तर डॉक्टरांपासून गांजा लपवू नका. तो बंद करणं हाच खरा उपचार आहे.

कुणी अजिबात घेऊ नये?

पंचविशीच्या आतल्यांनी, कारण मेंदूची वाढ तोवर चालू असते. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी. हृदयविकार असणाऱ्यांनी. स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला स्किझोफ्रेनिया अथवा बायपोलर आजार असेल त्यांनी. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांनीही.

कायद्याचंही लक्षात ठेवा. कॅलिफोर्नियात 21 वर्षांवरील व्यक्तींना परवानगी असली, तरी अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात गांजाला मुभा नाही. विद्यार्थ्यांचा व्हिसा त्यामुळे अडचणीत येऊ शकतो. भारतात 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजा बाळगणं गुन्हा आहे. येताना बॅगेत एखादी गोळीही आणू नका.

त्रास झाला तर

घाबरलेल्या माणसाला शांत जागी बसवा, पाणी द्या, एकटं सोडू नका, गाडी चालवू देऊ नका. छातीत दुखलं, शुद्ध हरपली, कानात आवाज ऐकू येऊ लागले किंवा लहान मुलाने चुकून गोळी खाल्ली, तर तातडीने रुग्णालय गाठा. रोजची सवय सोडताना चिडचिड आणि झोपमोड होते; ती बहुतेकांची दोन-तीन आठवड्यांत ओसरते. भारतात मदतीसाठी 14416 हा टेली-मानसचा क्रमांक आहे, पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे.

पालकांनो, फोनवर आधी रागावू नका. किती दिवसांनी घेतोस, पाकिटावर टीएचसी किती, झोप आणि अभ्यास कसा चालला आहे, हे शांतपणे विचारा. घरात कुणाला मानसिक आजार असेल तर तेही मुलांना स्पष्ट सांगा. संकोचापायी दडवलेली ही माहिती त्यांना वेळेवर सावध करू शकते.