ट्रॅक्टरच्या हेड गॅस्केटची परीक्षा व दुरुस्ती

उन्हाळी नांगरटीच्या दिवसांत नागपूर जिल्ह्यातील ट्रॅक्टरच्या इंजिनाची खरी कसोटी लागते. मे महिन्यात येथील उष्णतामान ४५ अंश सेंटिग्रेडच्या आसपास जाते. काळ्या भारी जमिनीत खोल नांगरट करताना इंजिनावर पूर्ण भार असतो, ट्रॅक्टरची चाल मात्र मंद असते. आणि उडणारी धूळ व काडीकचरा रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसतो. अशा वेळी इंजिन तापले व पाणी कमी होऊ लागले की, ‘हेड गॅस्केट गेले’ असे निदान बांधावरच करण्यात येते आणि लागलीच हेड उघडण्याची तयारी सुरू होते. मृगाच्या तोंडावर ट्रॅक्टर आठ दिवस अडकून पडला, तर पेरणीपूर्वीची वखरणी मागे पडते व साधलेला वाफसा हातचा जातो. हेड उघडल्यावर गॅस्केट शाबूत निघाले, तर हा सर्व काळ व पैसा व्यर्थ गेला असेच म्हणावे लागते. म्हणून आधी परीक्षा, मग पाना, हा नियम शेतकऱ्याने पाळावा. ज्यांच्याकडे जीप किंवा मोटारगाडी आहे त्यांनाही बहुतेक हीच रीत उपयोगी पडेल.

गॅस्केटचे कार्य

इंजिनाचा ब्लॉक व त्यावरील सिलिंडर हेड यांच्या सांध्यात हे पातळ अस्तर बसविलेले असते. त्याला एकाच वेळी तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात: सिलिंडरमधील वायूचा दाब, थंडाव्याचे पाणी व वंगण तेल. डिझेल इंजिनात हवा दाबली जाते तेव्हाच दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २५ ते ३५ किलोग्रॅम दाब निर्माण होतो. इंधन पेटल्यावर तो याहून पुष्कळ वाढतो. इंजिन बेसुमार तापले म्हणजे हेड किंचित वाकते, सांध्यावरील पकड ढिली पडते आणि उष्ण वायू त्या फटीतून गॅस्केट जाळीत जातो. थोडक्यात, गॅस्केट जळणे हे पुष्कळदा दुखण्याचे मूळ नसून त्याचा परिणाम असतो.

प्रथम साधी कारणे पाहावी

इंजिन पूर्ण थंड असताना पुढील गोष्टी तपासाव्या. रेडिएटरची जाळी धुळीने व भुशाने बुजली आहे काय? पंख्याचा पट्टा सैल आहे काय? रबरी नळ्या, वॉटर पंप व रेडिएटर यांतून पाणी झिरपते काय? रेडिएटरच्या झाकणाचे रबर व स्प्रिंग शाबूत आहेत काय? हे झाकण पाण्यावर दाब ठेवते व त्यामुळे पाणी १०० अंशांच्या वर गेल्याखेरीज उकळत नाही; झाकण निकामी झाल्यास चांगल्या इंजिनातूनही पाणी उसळून बाहेर पडते. थर्मोस्टॅट अडकला आहे काय, हे तो काढून गरम पाण्याच्या भांड्यात बुडवून पाहता येते; पाणी पुरेसे तापल्यावर तो उघडला पाहिजे. पुष्कळ वेळा दोष येथेच सापडतो व हेडला हात लावण्याची गरज पडत नाही.

तापलेल्या इंजिनाचे झाकण कदापि उघडू नये. वाफेने तोंड व हात भाजतात. तसेच तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतू नये. त्यामुळे हेडला तडा जाण्याचा संभव असतो.

गॅस्केटच्या परीक्षा

(१) बुडबुड्यांची परीक्षा: सकाळी थंड इंजिनाच्या रेडिएटरमध्ये तोंडापर्यंत पाणी भरून झाकण उघडे ठेवावे. वॉटर पंप पट्ट्यावर चालत असल्यास पट्टा काढावा, म्हणजे पंपाने पाणी घुसळले जाणार नाही. नंतर इंजिन सुरू करून फार तर एक मिनिट चालवावे. आरंभी अडकलेल्या हवेचे चार बुडबुडे येतील, त्यांचा विचार करू नये. परंतु बुडबुडे सारखे येत राहिले व इंजिनाची गती वाढविताच तेही वाढले, तर सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरत आहे असे समजावे. वर्कशॉपमध्ये याच कामासाठी निळे द्रव वापरतात. रेडिएटरमधील हवेत कार्बन डायॉक्साइड असल्यास त्याचा रंग हिरवट किंवा पिवळा होतो.

(२) तेलाची परीक्षा: डिपस्टिक काढून पाहावी. तेल ताकासारखे पांढुरके झाले असेल किंवा त्याची पातळी आपोआप वाढली असेल, तर तेलात पाणी गेले आहे. असे इंजिन पुन्हा चालवू नये. पाणी मिसळलेल्या तेलाने बेअरिंगा खराब होतात.

(३) धुराची परीक्षा: इंजिन चांगले गरम झाल्यावरही पांढरी वाफ येत राहिली व पाणी घटत गेले, तर सिलिंडरमध्ये पाणी जात असावे. मात्र डोळ्यांना झोंबणारा, डिझेलचा वास असलेला पांढरा धूर हा न जळलेल्या इंधनाचा असतो. त्याचे कारण बहुधा नोझलमध्ये किंवा पंपाच्या वेळेत असते.

(४) दाबाची परीक्षा: डिझेलसाठी असलेल्या मापकाने प्रत्येक सिलिंडरचा दाब पाहावा, पेट्रोल इंजिनाचा मापक येथे चालत नाही. शेजारच्या दोन सिलिंडरांचाच दाब कमी भरल्यास त्यांच्यामधील गॅस्केटची पट्टी जळाली असण्याचा बळकट संशय येतो.

एकाच लक्षणावर निर्णय घेऊ नये. दोन परीक्षा जुळल्या म्हणजे निदान पक्के मानावे. पुष्कळ ट्रॅक्टरांचे लायनर पाण्याशी संलग्न असतात व त्यांच्या खालच्या बाजूस रबरी कड्या असतात. तेलात पाणी आहे, पण रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत व दाबही ठीक आहे, अशा वेळी दोष त्या कड्यांचा असू शकतो. मग हेड गॅस्केट बदलूनही पाणी उतरतच राहील. उलट पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर ऑइल कूलर असल्यास तोही तपासावा.

हेड उतरविणे व तपासणे

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. बॅटरीची तार सोडून पाणी व तेल काढावे. इंजेक्टर सुटे करून त्यांची तोंडे स्वच्छ कापडाने झाकावी. पुश रॉड ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने ठेवावे. हेडचे नट बाहेरून मध्याकडे, थोडेथोडे फिरवीत सैल करावे. हेड निघत नसल्यास सांध्यात छिन्नी ठोकू नये. पृष्ठभागावर ओरखडा पडला तर नवे गॅस्केटही टिकत नाही.

जुने गॅस्केट फेकण्यापूर्वी नीट पाहावे. ज्या जागी काळी जळकी रेघ असेल, तेथेच फट होती. पृष्ठभाग स्वच्छ करून त्यावर सरळ पोलादी पट्टी लांबीत, रुंदीत व दोन्ही कर्णांवर धरावी आणि खालील फट फीलर गेजने मोजावी. ती पुस्तिकेतील मर्यादेपेक्षा अधिक भरल्यास हेडला फेसिंग करून घ्यावे. तडा नाही याचीही खात्री करावी. लायनर ब्लॉकच्या वर किती निघतो तेही मोजावे. तो खचला असेल तर त्या जागी गॅस्केट दाबले जात नाही. लायनर मोकळे असताना क्रँक फिरवू नये, नाहीतर ते वर उचलले जातात.

हेड बसविणे

काढलेले गॅस्केट पुन्हा वापरू नये. बोल्टांच्या भोकांत तेल किंवा पाणी साचू देऊ नये. बोल्ट आवळताना त्या द्रवाचा दाब ब्लॉक फोडू शकतो. गॅस्केटची वरची बाजू खुणेप्रमाणे ठेवावी. नट मध्यापासून बाहेर, पुस्तिकेतील क्रमाने, दोनतीन टप्प्यांत टॉर्क पान्यानेच आवळावे. हाताच्या अंदाजावर विसंबू नये. काही नव्या इंजिनांचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, हे ध्यानात ठेवावे. शेवटी टॅपेटचे अंतर जुळवावे, नवे तेल व फिल्टर घालावे आणि पाणी सावकाश भरून आतील हवा काढून टाकावी. पुन्हा आवळणी पुस्तिकेत सांगितली असेल तरच करावी.

मूळ कारण दूर करावे

इंजिन का तापले हे शोधले नाही, तर नवे गॅस्केट पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जळेल. विहिरीच्या जड पाण्याने आत क्षारांचा थर बसतो व उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून कारखान्याने सांगितलेले शीतक द्रव शुद्ध पाण्यात मिसळून वापरावे. नांगरटीच्या दिवसांत रेडिएटरची जाळी रोज झाडावी. गळती थांबविण्यासाठी हळद किंवा चूर्ण टाकण्याचा प्रघात आहे; त्याने जळलेले गॅस्केट सांधत नाही, उलट रेडिएटरच्या बारीक नळ्या मात्र बुजतात.

यंत्राची जाण शिक्षणाने वाढते. नर्मदाकाठी बुदनी येथे १९५५ साली सुरू झालेल्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टर चालविण्याचे व दुरुस्तीचे शिक्षण दिले जाते. घरातील एखाद्या तरुणाने ते घेतल्यास सर्व गावाला त्याचा लाभ होईल. तोवर एवढे तरी करावे: उष्णतामापकाचा काटा चढू लागताच नांगर उचलून ट्रॅक्टर सावलीत उभा करावा. अर्धा तास थांबल्याने तासभराचे काम मागे पडेल. न थांबल्यास सारा हंगाम मागे पडू शकतो.