पित्तरसाची ये-जा आणि कावीळ

‘डॉक्टर, पित्त वाढलंय,’ ही तक्रार माझ्या दवाखान्यात रोजचीच. अंबरनाथ-बदलापूरहून पहाटेची लोकल गाठणारे उपाशीपोटी दोन-दोन कप चहा घेतात. मग छातीत जळजळते, तोंडात आंबट पाणी येते. हे ‘पित्त’ म्हणजे जठरातले आम्ल. अंगावर गांधी उठतात, त्यालाही आपण पित्तच म्हणतो; ती बहुधा ॲलर्जी असते. खरा पित्तरस या दोहोंपेक्षा वेगळा. त्याचे काम समजले की काविळीत घाई केव्हा करायची तेही समजते.

उजव्या बरगड्यांखालचे यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करते. त्यातले पित्तक्षार साबणासारखे काम करतात. तेल-तुपाचे ते बारीक थेंब करतात, म्हणून ते पचते. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही त्यांच्याच मदतीने अंगी लागतात.

जेवण नसते तेव्हा हा रस यकृताखालच्या पित्ताशयात साठतो. ही पिशवी जेमतेम ३० ते ५० मिलिलिटरची. पण ती रसातले पाणी शोषून घेते आणि त्याला पाच ते दहा पट दाट करते. आपण दाल-पकवान किंवा वडे खाल्ले की स्निग्ध अंश लहान आतड्यात पोचतो. आतडे रक्तात एक संप्रेरक सोडते, त्यासरशी पित्ताशय आकुंचन पावते आणि रस नलिकेतून आतड्यात उतरतो. पित्ताशयात खडे असणाऱ्यांना तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येते, ती यामुळेच.

काम झाल्यावर शरीर हे क्षार वाया घालवत नाही. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून सुमारे ९५ टक्के क्षार शोषले जाऊन रक्तावाटे यकृतात परततात. सोड्याच्या रिकाम्या बाटल्या कारखान्यात जाऊन पुन्हा भरून याव्यात, तसे. तीनेक ग्रॅमचा हा साठा दिवसातून सहा ते दहा फेऱ्या मारतो. शौचावाटे जातो तेवढाच भाग यकृत कोलेस्टेरॉलपासून नव्याने बनवते.

पित्तरसाचा रंग बिलिरुबिनचा. तांबड्या रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगतात; त्या मोडल्या की हे द्रव्य तयार होते. शौचाचा पिवळा-तपकिरी रंग त्यापासूनच येतो. खड्याने किंवा गाठीने नलिका बंद झाली तर शौचाला शाडूच्या मातीसारखी पांढुरकी होते, लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते, डोळे पिवळे होतात आणि अंगाला खाज सुटते.

आपल्याकडे कावीळ झाली की आधी ती ‘उतरवायला’ नेतात. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळे होते. पण तो रंग हाताला चोळलेल्या वनस्पतीच्या रसाचा आणि चुन्याचा. बिलिरुबिन असे धुऊन निघत नाही. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची विश्रांतीने काही आठवड्यांत आपोआप बरी होते, आणि श्रेय उतरवणाऱ्याला मिळते. (गरोदर स्त्रियांना मात्र तीही जिवावर बेतू शकते, त्यांनी लगेच डॉक्टर गाठावा.) नलिकेतला अडथळा असा आपोआप सुटेल या भरवशावर राहू नये. तिथे गेलेले दिवस फार महाग पडतात.

म्हणून कावीळ झाली की रक्ततपासणी करावी, आणि डॉक्टर सांगतील तर सोनोग्राफीही. काविळीबरोबर थंडी वाजून ताप आणि पोटात कळ असेल, तर नलिकेत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो; त्याच दिवशी रुग्णालयात जावे. तान्ह्या बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही टिकली किंवा शी पांढरी दिसली, तर लगेच बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे. जन्मतःच नलिका बंद असेल तर पहिल्या दोन महिन्यांतली शस्त्रक्रिया अधिक यशस्वी ठरते.

सोनोग्राफीत अचानक खडे दिसले, पण त्रास काहीच नाही, तर सहसा शस्त्रक्रिया लागत नाही. त्रास असेल तर मात्र भिऊ नये. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातली पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली, आज ती नित्याची झाली आहे. पिशवी गेली तरी यकृत रस बनवतच राहते. तो थेट आतड्यात झिरपतो आणि माणूस नेहमीसारखा जेवतो.

डोळे पिवळे दिसले तर शौच आणि लघवीचा रंग पाहून ठेवा, आणि डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपणहून सांगा.