शब्द विचारावा कसा?
(घरोघरच्या विद्यार्थ्यांसाठी व पालकांसाठी एक पाठ)

आपल्या ट्रस्टच्या या महोत्सवी अंकासाठी काहीतरी उपयोगी लिहावे, असा चालकांचा आग्रह झाला. आमचा पेशा शिक्षकाचा. तेव्हा उपदेशापेक्षा एखादा पाठच द्यावा, असे आम्हांला वाटले. पाठाचा विषय शब्दकोश हा होय. परंतु कपाटातला नव्हे, तर हल्ली प्रत्येकाच्या खिशातील मोबाईलवरून ज्याला प्रश्न विचारता येतो, तो. हा विषय निवडण्यास एक कारण घडले. ते आमच्याच चुकीचे असल्यामुळे प्रथम तेच सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी 'माझे कुटुंब' या विषयावर निबंध तपासत असता एका मुलीच्या वहीत वाक्य आढळले : "माझ्या आपाने शिवणकामाची तालीम घेतली आहे." आम्ही 'तालीम' या शब्दावर तांबडी रेघ ओढली, वर 'प्रशिक्षण' असे लिहिले, आणि एवढ्यावर न थांबता ते वाक्य वर्गात वाचून दाखविले. मुलांना तेवढेच निमित्त हवे होते. "काय गं, तुझी आपा पैलवान आहे का?" असा आवाज मागच्या बाकावरून आला आणि वर्ग हसला. आम्हीही हसलो. त्यानंतर महिना दोन महिने त्या मुलीने वर्गात तोंड उघडले नाही. निबंधही ती चार ओळींत आटोपू लागली.

पुढे एकदा दुसराच शब्द पाहण्यासाठी कोश उघडला असता 'तालीम' सहज नजरेस पडला. मूळ अरबी, अर्थ शिकविणे, शिक्षण देणे. म्हणजे कुस्तीचा आखाडा आणि नाटकाचा सराव हे मराठीतले मागाहूनचे अर्थ, आणि त्या मुलीने वापरलेला अर्थ मुळाच्या अधिक जवळचा! गुजरातीत तर 'तालीम' म्हणजे प्रशिक्षणच. सुरतेच्या रस्त्यावर शिवणाच्या वर्गांच्या पाट्यांवर तो शब्द रोज दिसतो. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. आणि गांधीजींनी १९३७ साली ज्या शिक्षणपद्धतीचा पुरस्कार केला ती 'नई तालीम' महाराष्ट्रातील वर्ध्यासच रुजली, हे शिक्षणशास्त्राच्या परीक्षेसाठी आम्ही पाठ केले होते. पण वेळेवर आठवले नाही. चूक शब्दात नव्हती, आमच्या घाईत होती. दुसऱ्या दिवशी वर्गात तसे सांगितले व त्या मुलीची माफी मागितली. ती एवढेच म्हणाली, "सर, मग अब्बांना सांगू का, की शब्द बरोबर होता?" हा शब्द तिला अब्बांनीच सांगितला होता. म्हणजे आमच्या तांबड्या रेघेने एका कारागीर बापाचा शब्द त्याच्या लेकीसमोर खोटा ठरविला होता.

तात्पर्य, शब्द खोटा ठरविण्यापूर्वी विचारावा. कोणास विचारावा व कसा, हा आता पाठ.

कोशांची कपाटे आता कोठे आहेत?

मराठी शब्दांचा पाया घालणारा इंग्रज कोशकार जेम्स मोल्सवर्थ. त्याच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ साली व दुसरी, वाढविलेली, १८५७ साली निघाली. दुसरीत सुमारे साठ हजार शब्द आहेत. त्यानंतरचे मोठे काम यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांचे. त्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात सात भागांत निघाला व १९५० साली पुरवणी आली. फारसीसाठी माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव ज्यूलियन, यांचा १९२५ चा 'फारसी-मराठी कोश' आहे. माधवरावांचा जन्म बडोद्याचा, हे आपल्या गुजरातेतील मराठी मंडळींनी अभिमानाने लक्षात ठेवावे.

सुरतेचे स्वतःचे ऋण तर याहून मोठे आहे. गुजराती भाषेचा गुजरातीतच अर्थ देणारा 'नर्मकोश' कवी नर्मदाने १८७३ साली पुरा केला. नर्मद सुरतेचा, आणि त्याचे गोपीपुऱ्यातील घर आजही जपलेले आहे. त्यानंतर गोंडळचे महाराज भगवतसिंहजी यांनी 'भगवद्गोमंडळ' हा नऊ भागांचा महाकोश हाती घेतला. तो १९४४ ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाला व त्यात सुमारे २ लाख ८१ हजार शब्द आहेत. बडोद्यास १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' निघाला. त्यात राज्यकारभारातील एकेका इंग्रजी शब्दापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी व बंगाली असे प्रतिशब्द रकान्यांत मांडलेले आहेत. हा रकान्यांचा नमुना ध्यानात ठेवावा. पुढे त्याचेच काम आहे.

पूर्वी हे ग्रंथ पाहावयाचे तर मोठ्या ग्रंथालयात जावे लागे. आता मोल्सवर्थ, दाते-कर्वे, उर्दूसाठी प्लॅट्सचा १८८४ चा कोश व फारसीसाठी स्टाइनगासचा १८९२ चा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. २००६ साली सुरू झालेल्या 'गुजराती लेक्सिकॉन'ने गुजराती कोश खुले केले, आणि भगवद्गोमंडळही इंटरनेटवर आला. भिवंडीच्या मागावर काम करणाऱ्याचा मुलगा व विद्यापीठातला पंडित यांना आज एकच कपाट उघडे आहे.

'वेब सेवा' म्हणजे काय?

संकेतस्थळ आणि वेब सेवा यांत थोडा फरक आहे. ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. वाचनालयात आपण स्वतः शिरून पुस्तक चाळतो, ते संकेतस्थळ. परंतु खिडकीपाशी उभे राहून आपण ठराविक नमुन्याची चिठ्ठी आत दिली, आतल्या कारकुनाने कपाट उघडून उत्तर त्याच ठराविक नमुन्यात लिहून बाहेर दिले, तर ती सेवा. वेब सेवेत चिठ्ठी देणाराही संगणक आणि उत्तर देणाराही संगणकच. म्हणून चिठ्ठी मोघम चालत नाही. शब्द कोणता, भाषा कोणती, काय हवे, हे नेमके लिहावे लागते. आणि उत्तरही गोष्टीसारखे न येता रकान्यांत येते. नमुन्यादाखल :

शब्द : तालीम
भाषा : मराठी
जात : नाम
लिंग : स्त्रीलिंग
मूळ : अरबी
अर्थ १ : शिक्षण, शिकवण
अर्थ २ : व्यायामशाळा, आखाडा
अर्थ ३ : नाटकादिकांचा सराव

बडोद्याच्या कल्पतरूतील रकाने हेच. फक्त कागदाऐवजी संगणकात. मोबाईलवर शब्द लिहिताना जो यंत्र शुद्धलेखन सुचवितो, त्यालाही अशा शब्दसाठ्याचा उपयोग होतो. या साठ्यात ज्या भाषेचे रकाने रिकामे, त्या भाषेची मुले यंत्रापुढे मुकी. या कामाची निकड येथेच आहे.

असा एक सार्वजनिक साठा 'विकिडेटा' या नावाने चालतो. त्यात २०१८ सालापासून शब्दांच्याही नोंदी करता येतात. प्रत्येक शब्दाला क्रमांक असतो. त्याची रूपे, अर्थ व इतर भाषांतील नाती नोंदविता येतात, आणि ती माहिती कोणीही विनामूल्य वापरू शकतो. नोंद वाचण्याचा हक्क जसा सर्वांना, तसा ती भरण्याचाही.

विचारण्याची रीत

पहिली गोष्ट, शब्द नीट लिहावा. आपण 'काही' लिहितो, जुने कोश 'कांहीं' लिहितात. १९६२ साली महाराष्ट्र शासनाने मान्य केलेल्या लेखननियमांनी असे पुष्कळ अनुस्वार गेले. परंतु मोल्सवर्थ व दाते-कर्वे त्या आधीचे. म्हणून शब्द सापडला नाही तर अनुस्वार देऊन, ऱ्हस्वाचे दीर्घ करून पुन्हा विचारावे. तसेच 'जकात' व नुक्त्याची 'ज़कात' हे आपल्या डोळ्यांना एकच दिसले, तरी यंत्राला दोन निराळे शब्द आहेत.

दुसरी गोष्ट, भाषा सांगावी. आपली मुले घरी एक, शाळेत दुसरी, बाजारात तिसरी भाषा ऐकतात. 'शिक्षा' मराठीत दंड, हिंदीत शिक्षण. भाषा न सांगता विचारले तर उत्तर खरे असूनही आपल्या कामाचे नसते.

तिसरी गोष्ट, नोंद शेवटपर्यंत वाचावी. पहिला अर्थ पाहून कोश मिटणे म्हणजे दारावरची पाटी वाचून घर पाहिले म्हणणे होय. लिंग पाहावे, मूळ पाहावे, उदाहरण असेल तर ते वाचावे. मोल्सवर्थने अरबी, फारसी, संस्कृत अशी मुळे एकेका अक्षराने दाखविली आहेत, तिकडे विशेष लक्ष द्यावे. 'तालीम'चे मूळ पाहिले की इल्म, आलिम, मालूम हे तिचे सगेसोयरे एकाच धातूतून निघालेले दिसतात, आणि एका शब्दात चार शिकून होतात.

चौथी गोष्ट, एका साक्षीदारावर निकाल देऊ नये. निदान दोन कोश पाहावे. जुना कोश जुन्या काळाचा साक्षी असतो. त्यात त्या काळचे पूर्वग्रहही आढळतात, विशेषतः जातीपातींविषयी लिहिताना. तेवढे आपण विवेकाने बाजूस ठेवावे.

पाचवी गोष्ट, टिपण ठेवावे : कोणता कोश, कोणते साल, कोणते पान. शिकागोच्या संकेतस्थळावर छापील पानाचा क्रमांकही मिळतो. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र कोणत्याही शब्दाची व्युत्पत्ती ठासून सांगते. तिला नम्रपणे विचारावे, "कोणत्या कोशात, कोणत्या पानावर?" आणि ते पान स्वतः उघडून पाहावे. तेथे ते नसेल तर ते उत्तर सोडून द्यावे.

एक सरावाचा शब्द : जकात

आपल्या ट्रस्टच्या हिशेबवहीत हा शब्द पहिल्या पानावर आहे, म्हणून सरावाला हाच घेऊ. आपल्या घरात जकात म्हणजे ऐपतदाराने शिल्लक संपत्तीचा चाळिसावा हिस्सा गरजूंना देण्याचे कर्तव्य. या अरबी शब्दाच्या मुळाशी शुद्ध होणे व वाढणे हे भाव आहेत. परंतु मराठीत व गुजरातीत जकात म्हणजे मालावरचा कर. सुरतेची मुले 'सरथाणा जकातनाका' रोज ऐकतात. गुजरातेत जकात २००७ साली उठली, नाके गेले, नाव मात्र थांब्यावर राहिले.

आता विचार करा. ज्या मुलाने केवळ नाका ऐकला, त्याला घरातली जकात म्हणजे कोणी वसूल केलेला दंड वाटेल. ज्याने केवळ घरची ऐकली, तो इतिहासाच्या पुस्तकात 'व्यापाऱ्यांकडून जकात घेत' हे वाचून बुचकळ्यात पडेल. दोन्ही अर्थ कोशात शेजारी शेजारी पाहिले की कोडे सुटते : देण्याचा शब्द राज्यकारभाराच्या वाटेने घेण्याचा झाला. ट्रस्टचा पैसा कोणत्या अर्थाचा आहे, हे मग मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही.

जेथे उत्तर येत नाही

शेवटी महत्त्वाचे. पुष्कळदा चिठ्ठी आत जाते आणि उत्तर येते : 'नोंद नाही.' याचा अर्थ शब्द नाही असा नव्हे. तो अजून कोणी लिहून ठेवला नाही, एवढाच. खानदेशातून आलेल्या घरांतील अहिराणी शब्द, कोकणातून आलेल्या मुसलमान घरांतील स्वयंपाकाचे व नातेसंबंधांचे शब्द, सुरतेच्या मागांवर मराठी व गुजराती कामगारांनी मिळून घडविलेले शब्द, यांतील कितीतरी कोणत्याच कपाटात नाहीत. ते आजीच्या तोंडी आहेत, आणि आजीबरोबर जातील.

म्हणून ट्रस्टला आमची एक सूचना आहे. शिष्यवृत्ती घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षातून दहा शब्द घरातल्या वडीलधाऱ्यांकडून लिहून आणावे. शब्द, अर्थ, एक वाक्य, आणि तो कोणत्या गावाकडचा, असे चार रकाने. कोणाचे नाव लिहू नये. त्यात काही निंदेचे असेल तर वगळावे. शिक्षकांनी ते दोन कोशांशी ताडून पाहावे आणि जे नवे ठरतील ते सार्वजनिक साठ्यात भरावे. यास पैसा लागत नाही. एक वही आणि रविवारची दुपार पुरे. इंटरनेट ज्यांच्या घरी नसेल, त्यांनी ट्रस्टच्या कचेरीत यावे. तेथे बसण्याचे काम आम्ही पत्करतो.

ज्या मुलीचा शब्द आम्ही तांबड्या शाईने खोडला, तिने या वहीचे पहिले पान भरून दिले आहे. दहा सांगितले होते. तिने तेरा आणले. त्यांतले सात आम्हांलाही माहीत नव्हते. ते तिच्याकडूनच समजून घेतले, आणि पहिल्या ओळीत तिने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे : तालीम.