शेवटचं टिंब

काल फोनवर तू सांगितलंस, दोन व्हीपीएस घेतलेत आणि आता गिऱ्हाइकांची डोमेनं स्वतःच्याच डीएनएसवर ठेवणार. मी 'वा' म्हणालो. फोन ठेवल्यावर मामी म्हणाली, चेहरा का पडलाय? पडला नव्हता गं, जुन्या रात्री आठवल्या होत्या. होस्टिंगच्या धंद्यात बावीस वर्षं काढली, त्यातल्या निम्म्या जागरणांचं मूळ डीएनएसमध्येच होतं. मॅन्युअल तू वाचशीलच. त्यात लिहिलेलं असूनही रात्री दोन वाजेपर्यंत डोळ्यांना दिसत नाही, तेवढंच सांगतो.

पहिली गोष्ट तुला आवडणार नाही. दहा-पंधरा डोमेनं असतील तर या उद्योगात पडूच नकोस. रजिस्ट्रार फुकट डीएनएस देतो, तो बरा चालतो. पण तुझ्याकडे दोनशेच्या घरात डोमेनं आहेत, रोज कुणाचं ना कुणाचं काही बदलतं, आणि नेमसर्व्हरवर आपलं नाव दिसावं अशी हौसही आहे. हौस असेल तर कर, माझी ना नाही. यंत्र मोठं लागत नाही. एवढ्या डोमेनांना एक जीबी रॅमही पुष्कळ झाली.

आता हे डोक्यात पक्कं बसव. तुझा सर्व्हर म्हणजे तलाठ्याकडचा मूळ सातबारा. लोक ज्यांना विचारतात ते रिझॉल्व्हर, म्हणजे इंटरनेट कंपन्यांचे, गुगलचा ८.८.८.८, त्या उताऱ्याची झेरॉक्स काढून आपल्या खणात ठेवतात. झेरॉक्स किती वेळ चालेल ते तूच सेकंदांत लिहून देतेस. तो टीटीएल. ८६४०० लिहिलंस तर एक दिवस. त्या दिवसात तू मूळ उताऱ्यात वाटेल तो फेरफार कर, खणातली झेरॉक्स जुनीच राहणार. गिऱ्हाइकाला आपण सांगतो, 'प्रॉपगेट व्हायला चोवीस तास लागतात'. मीही वर्षानुवर्षं सांगितलं. खरं तर काहीच प्रॉपगेट होत नाही. तुझा बदल कुठे चालत जात नाही. जुन्या झेरॉक्सची मुदत संपते आणि समोरचा नव्याने उतारा मागायला येतो, एवढंच.

म्हणून सर्व्हर हलवायचा असेल तर काम आदल्या दिवशी सुरू होतं. टीटीएल ८६४०० असेल तर पूर्ण एक दिवस आधी तो ३०० वर आण आणि गप्प बस. दिवस उलटला, जुन्या झेरॉक्स संपल्या, की मग पत्ता बदल. पाच मिनिटांत सगळे नव्या घरी. दोन दिवस नीट चाललं की टीटीएल परत वर ने. हलवण्याच्या क्षणी टीटीएल कमी करणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्याने काही होत नाही, जुनी झेरॉक्स आधीच निघालेली असते.

आणखी एक. नवं नाव झोनमध्ये, म्हणजे डोमेनाच्या नोंदींत, टाकण्याआधी 'बघू तरी आहे का' म्हणून ब्राउझरमध्ये मारून बघू नकोस. 'असं नाव नाही' या उत्तराचीही झेरॉक्स निघते! तिची मुदत झोनच्या माथ्यावरच्या एसओए रेकॉर्डच्या शेवटच्या आकड्यावर ठरते. तो आकडा कुणी एक दिवसाचा ठेवला असेल तर तू नाव टाकतेस, सगळीकडे दिसतं, फक्त तुझ्या ऑफिसात दिसत नाही, कारण उतावळेपणा तूच केलेला असतोस. तिथे ३०० किंवा ९०० ठेव.

झोन फाइल हाताने लिहिताना तुला वाटेल, हे काय जुनाट प्रकरण. आहेच जुनाट. पूर्वी अर्पानेटवरच्या सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलीत असत. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधलं केंद्र ती सांभाळायचं आणि बाकीचे तिथून उतरवून घ्यायचे. यंत्रं वाढली, फाइल आवरेना, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिसने नावांची जबाबदारी ज्याची त्याच्याकडे वाटून द्यायची पद्धत मांडली. १९८७ मध्ये ती पक्की झाली आणि आज तू जी झोन फाइल लिहितेस तिची लिपी तेव्हाचीच. तिच्यात टिंबाला जेवढी किंमत आहे तेवढी अक्षरालाही नाही.

टिंबाची गोष्ट माझीच. एका पतपेढीचा मेल नव्या सर्व्हरवर न्यायचा होता. शुक्रवार, संध्याकाळचे सहा. खरं नाव सांगत नाही, एक्झाम्पल.कॉम धरू, ते नाव उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे. टपाल कुठे जायचं ते सांगणाऱ्या एमएक्सच्या ओळीत मी लिहिलं, '१० मेल.एक्झाम्पल.कॉम' आणि पुढे टिंब दिलं नाही. शेवटी टिंब नसेल तर बाइंड, म्हणजे आपलं डीएनएसचं सॉफ्टवेअर, समजतो की नाव अर्धवट आहे, आणि झोनचं नाव आपणहून मागे जोडतो. झालं काय, तर पतपेढीचं टपाल 'मेल.एक्झाम्पल.कॉम.एक्झाम्पल.कॉम' नावाच्या, जगात नसलेल्या यंत्राकडे निघालं. मला अर्ध्या तासात कळलं, दुरुस्तीला दोन मिनिटं लागली. पण टीटीएल होता एक दिवस. अर्ध्या तासात ज्यांनी ज्यांनी झेरॉक्स काढली होती ते शनिवार संध्याकाळपर्यंत चुकीच्या पत्त्यावर ठाम. काही सर्व्हरांनी टपाल रांगेत धरून ठेवलं, काहींनी सरळ परत पाठवलं. मॅनेजरसाहेब फोनवर ओरडले नाहीत. नुसतं विचारत राहिले, "मग आता आम्ही काय करायचं?" त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

नेम्ड-चेकझोन ही आज्ञा तेव्हाही होती. फाइल तिला दाखवली असती तर तिने सांगितलं असतं, बाबा रे, या एमएक्सच्या नावाला पत्ताच नाही. पाच सेकंदांचं काम. त्या दिवसापासून मी झोन फाइल तपासल्याशिवाय रीलोड केली नाही, आणि शुक्रवारी संध्याकाळी तर हातच लावला नाही.

दुसरं दुखणं सिरीयल नंबरचं. एसओएमध्ये एक आकडा असतो, प्रत्येक फेरफाराला वाढवायचा. पहिल्याची प्रत ठेवणारा सेकंडरी सर्व्हर तो बघतो. आपल्याकडच्यापेक्षा मोठा असेल तरच नवी प्रत ओढतो. वाढवायला विसरलीस तर पहिला सर्व्हर नवं सांगेल, दुसरा जुनं, आणि गिऱ्हाईक म्हणेल, "साइट कधी चालते कधी नाही." असं कानावर आलं की आधी दोन्हीकडचे सिरीयल जुळव, मग बाकीचं शोध. रीत अशी की तारीख लिहायची आणि पुढे त्या दिवसाचा अनुक्रम, म्हणजे २३ जून २०१४ चा पहिला बदल २०१४०६२३०१. मी घाईत १४ चे ४१ केले होते, २०४१०६२३०१. सेकंडरीने तो मुकाट उचलला. चूक सुधारून मी २०१४ चा आकडा टाकला, तर तो म्हणतो, माझ्याकडे याहून नवी प्रत आहे.

सेकंडरी तुझ्याच ताब्यात असेल तर तिथली प्रत पुसून टाक, नवी येईल. दुसऱ्याच्या ताब्यात असेल तेव्हा युक्ती लागते. हा आकडा ३२ बिटांचा आहे आणि घड्याळाच्या तबकडीसारखा गोल फिरतो. चुकलेल्या आकड्यात २१४७४८३६४७ मिळव. माझ्या बाबतीत बेरीज ४१८८५४५९४८ झाली. ती सगळ्या सेकंडरींनी उचलेपर्यंत थांब आणि मग खरा आकडा टाक. अर्धी तबकडी ओलांडलेली असल्यामुळे आता तोच त्यांना पुढचा वाटतो. गणित वहीत लिहून ठेव, त्या वेळी सुचत नाही.

दुसरा सर्व्हर कशासाठी, तर पहिला पडला तर उत्तर द्यायला कुणी असावं म्हणून. दोन्ही एकाच व्हीपीएसवाल्याकडे, एकाच रॅकमध्ये ठेवलेस तर ती एकाच बैलगाडीत भरलेली दोन पोती झाली. २००१ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीचे नेमसर्व्हर एकाच नेटवर्कवर होते. एका राउटरच्या चुकीच्या मांडणीने सगळेच एकदम दिसेनासे झाले. तेव्हा तुझा एक मुंबईत असेल तर दुसरा वेगळ्या कंपनीचा, वेगळ्या शहरातला घे. मी तर सॉफ्टवेअरही वेगळं ठेवतो. पहिल्यावर बाइंड, दुसऱ्यावर एनएसडी. बाइंडला सगळं येतं आणि तेच त्याचं दुखणं. एनएसडी फक्त आपल्याकडचीच उत्तरं देतो, दुसऱ्यासाठी शोधाशोध करणं त्याला येतच नाही. एकात भोक सापडलं तरी दुसरा उभा राहतो. झोन फाइलची लिपी दोघांची एकच.

फायरवॉलमध्ये ५३ नंबरचं पोर्ट उघडताना यूडीपी आणि टीसीपी दोन्ही उघड. डीएनएस म्हणजे यूडीपी, असं पाठ केलेली मुलं टीसीपी बंद ठेवतात. गंमत अशी की प्रत आधीच आलेली असेल तर लगेच काहीच बिघडत नाही. सेकंडरी सिरीयल विचारतो तो यूडीपीवर, आकडा तोच असेल तर समाधानाने झोपतो. आठवड्यांनी तू एखादा बदल करतेस. आता त्याला नवी प्रत हवी, आणि प्रत येते टीसीपीवरून. दार बंद! तो जुनीच उत्तरं देत राहतो आणि एसओएमधल्या एक्स्पायरची मुदत संपली, समज दोन आठवडे, की तोंड मिटतो. फायरवॉल कुणी बदललं हे तोवर कुणाच्या लक्षातही नसतं. शिवाय लांब उत्तरं यूडीपीत मावली नाहीत की रिझॉल्व्हर टीसीपीवरूनच परत विचारतात.

बाइंड बसवलास की 'रिकर्शन नो' ही ओळ पहिली लिही. कुठूनतरी उचललेल्या कॉन्फिगरेशनमध्ये 'अलाउ-रिकर्शन' पुढे 'एनी' असतं, ते म्हणजे घराची किल्ली पायरीवर ठेवून गावाला जाणं. कुणीतरी दुसऱ्याच्या पत्त्याने खोटा, बारकासा प्रश्न विचारतो आणि तुझा सर्व्हर भलंमोठं उत्तर त्या बिचाऱ्याच्या अंगावर ओततो. २०१३ च्या मार्चमध्ये स्पॅमविरोधी संस्था स्पॅमहाउसवरचा मोठा हल्ला असल्याच उघड्या सर्व्हरांच्या जिवावर झाला होता. झोनची अख्खी प्रत मागणंही फक्त तुझ्या सेकंडरीलाच जमलं पाहिजे. पत्ता बघून दे आणि वर टीसिगची किल्ली लाव. जुन्या बाइंडमध्ये हे दार न सांगता उघडं असायचं.

आता ग्लू. तुझे नेमसर्व्हर एनएस१.एक्झाम्पल.कॉम आणि एनएस२ असे त्याच डोमेनात असतील तर त्यांचा पत्ता सांगणार कोण? ते स्वतःच. म्हणजे घराचा पत्ता घरात जाऊन विचारायचा! म्हणून रजिस्ट्रारच्या पॅनलमध्ये 'चाइल्ड नेमसर्व्हर' किंवा 'होस्ट' अशा नावाची जागा शोध आणि तिथे दोघांचे आयपी भर. ते ग्लू म्हणून वरच्या, म्हणजे डॉटकॉमच्या सर्व्हरांत जातात. तिथला टीटीएल तुझ्या हातात नाही, १७२८०० सेकंद, पुरते दोन दिवस. पुढेमागे नेमसर्व्हरचा आयपी बदललास तर जुनं यंत्र किमान तीन दिवस चालू ठेव. भाडं वाचवायला त्याच संध्याकाळी बंद करू नकोस.

बारीकसारीक दोन-तीन. डोमेनच्या मुळावर सीनेम, म्हणजे दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारा रेकॉर्ड, बसत नाही. एमएक्स सीनेमकडे दाखवू नकोस. आयपीवरून नाव सांगणारा उलटा रेकॉर्ड व्हीपीएसवाल्याच्या पॅनलमध्ये बसतो, आपल्या झोनमध्ये लिहून काही होत नाही. डीएनएसेक, म्हणजे उत्तरांवरची सही, पहिल्या दोन महिन्यांत चालू करू नकोस. त्यात चूक झाली तर नाव अर्धवट चालत नाही, सही तपासणाऱ्या प्रत्येकाकडे साफ बंद होतं.

आणि हे मात्र आजच कर. रजिस्ट्रारकडे तुझा ईमेल कोणता दिलायस? तुझ्याच डोमेनवरचा असेल तर बदल. डोमेनची मुदत संपल्याची चिठ्ठी त्याच डोमेनवर येणार, आणि डोमेन बंद पडलं तर पासवर्ड बदलायचा दुवाही तिथेच. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचे नेमसर्व्हर इंटरनेटवरून दिसेनासे झाले तेव्हा दुरुस्त करणाऱ्यांची आतली साधनंही त्याबरोबरच बंद पडली होती. सहाएक तास गेले. तुझं नेमसर्व्हरचं डोमेन गेलं तर तुझी एक साइट नाही, दोनशे गिऱ्हाइकं जातील. ते डोमेन पाच-दहा वर्षांचं भरून टाक.

रविवारी जेवायला ये. त्याआधी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून डिग मारून बघ. सर्व्हरवर बसून मारू नकोस, तिथे सगळं चांगलंच दिसतं. @ लावून एसओए आधी एनएस१ ला विचार, मग एनएस२ ला, 'नोरिकर्स' लावून. दोन्ही उत्तरांच्या माथ्यावर 'एए' हा झेंडा असला पाहिजे आणि सिरीयल सारखे. नंतर प्लस टीसीपी लावून तेच परत. दोन्हीकडचे निकाल जसेच्या तसे मला पाठव. आणि एमएक्सच्या ओळी मोठ्या अक्षरांत पाठव, चष्म्याचा नंबर बदललाय, टिंब दिसत नाही.